थोडक्या द्रव्यात एक इंजिन

ज्या गावात रेल्वेचा रूळ नाही, स्थानक नाही, आणि जेथे आजही तळेऱ्याच्या फाट्यावरून एस. टी.नेच यावे लागते, त्या विजयदुर्गात बसून आगगाडीच्या लहानशा इंजिनाविषयी लिहावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या किनाऱ्याने शतकानुशतके गुराबा, गलबते आणि शिबाडे बांधली, आणि जेथील माणसे 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला होईपर्यंत मुंबईच्या प्रवासासाठी प्रथम आगबोटीच्या आणि पुढे एस. टी.च्या वेळापत्रकावर अवलंबून राहिली, त्या किनाऱ्यावरील मुलास राजापूर रोडच्या अथवा कणकवलीच्या फलाटावर दिसलेले इंजिन जितके खोल मनात उतरते, तितके ते दादरच्या पुलावरून रोज गाड्या पाहणाऱ्या मुलाच्या मनात उतरत असेल असे मला वाटत नाही. अशी मुले आमच्या गावात आहेत, आणि मुलांच्या वयाची मर्यादा ओलांडून गेलेले, नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थही आहेत. रुळांवर खरोखर धावणारे, खऱ्या इंजिनाशी प्रमाणबद्ध असे एक इंजिन आपल्या घरी असावे, ही त्यांची इच्छा. ही इच्छा व्यक्त होताच ‘हा श्रीमंतांचा छंद आहे’ असे सांगून तिची बोळवण करण्याचा जो शिरस्ता आपल्याकडे पडला आहे, तो मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

किमतीची गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी भाबडेपणा बाळगून उपयोग नाही. हॉर्नबी, बाखमन यांसारख्या कंपन्यांच्या नव्या इंजिनास इंग्लंडातच शंभर ते दोनशे पौंड पडतात. आपल्याकडील जकातीच्या कोष्टकात खेळणी आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती यांना एकाच शीर्षकाखाली बसविलेले असल्यामुळे, जी आयात जकात 2020 पर्यंत 20 टक्के होती, ती त्या वर्षी 60 टक्क्यांवर आणि 2023 साली 70 टक्क्यांवर गेली, तेव्हा तिचा भार या इंजिनांवरही पडला. जकात, त्यावरील जीएसटी आणि वाहतूक यांचा हिशेब मांडला, म्हणजे इंग्लंडातील किंमत आपल्या उंबरठ्यापर्यंत येता येता दुप्पट होते. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोची मुद्रा सक्तीची झाली. बाजारात येणारी निकृष्ट आणि बालकांस अपायकारक अशी खेळणी रोखावी व देशी कारागिरास आधार द्यावा, हा या धोरणाचा हेतू योग्य आहे, आणि त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच, की कुशल प्रौढाच्या मेजावर ठेवावयाची यंत्रप्रतिकृती आणि दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात जाणारा खुळखुळा या दोन वस्तूंमध्ये भेद करण्याची तजवीज त्या कोष्टकात असावयास हवी होती, आणि ती नाही.

तथापि कोष्टक बदलेपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. इंजिनाचे अंतरंग उघडून पाहिले, तर त्याचे दोन भाग सहज वेगळे होतात. खाली चॅसिस असते, म्हणजे मोटर, दंतचक्रे, चाके आणि रुळांतून वीज उचलणाऱ्या धातूच्या पट्ट्या; तिच्यावर बसते ती बॉडी, म्हणजे ज्या आकाराला पाहून आपण इंजिन ओळखतो तो बाह्य आकार. नव्या इंजिनात सूक्ष्म साच्याच्या, रंगाच्या, अक्षरछपाईच्या आणि अलीकडे ध्वनीच्या व संगणकीय नियंत्रणाच्या ज्या सोयी असतात, त्यांनी किंमत वर चढते. पण घरी ज्याची निर्मिती करणे जवळजवळ अशक्य आहे असा भाग एकच, आणि तो म्हणजे चॅसिस. अल्पवित्त माणसाने आपले सर्व द्रव्य तेथेच खर्च करावे, आणि बॉडीसाठी एक पैदेखील देऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

या दृष्टीने पाहिले असता जुन्या इंजिनांच्या बाजाराचे स्वरूपच पालटते. छप्पर तडकलेले, रंग खरवडलेला, खिडक्या नाहीशा झालेल्या, असे जे इंजिन संग्राहक हातातही धरीत नाही, ते आपल्या कामाचे, आणि त्याच कारणाने ते स्वस्त. मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर जुनी घड्याळे व ग्रामोफोन यांच्या संगतीत अशी इंजिने कधीमधी दृष्टीस पडतात. परंतु आमच्या भागाचे खरे भांडार निराळे आहे. देवगड तालुक्यातील क्वचितच एखादे गाव असे असेल, की ज्यातील कोणी ना कोणी जहाजावर नोकरीस अथवा आखातात किंवा इंग्लंडात स्थायिक नाही. परदेशातील जुन्या वस्तूंच्या दुकानांतून थोडक्या पैशांत मिळणारे मोडके इंजिन सुट्टीवर येताना नियमात बसणाऱ्या सामानाच्या सवलतीत घेऊन ये, एवढी विनंती अशा नातलगास करण्यात संकोच कसला?

मात्र घेताना काही गोष्टी पारखून घ्याव्यात. इंजिन उताणे करून नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन टोके चाकांस लावावी; मोटर फिरली तर उत्तम, न फिरता जळका वास आला तर ते तेथेच सोडावे. फिरण्याचा आवाज ठरावीक अंतराने ठेचकाळत असेल, तर आसावरील प्लॅस्टिकचे दंतचक्र फुटले आहे असे समजावे. ते बदलता येते, म्हणून त्यापायी सौदा मोडू नये, किंमत मात्र कमी करून घ्यावी. जस्ताच्या ओतकामात शिशाची अशुद्धी राहिली, तर ते ओतकाम काही वर्षांनी फुगते, वाकते आणि अखेरीस चुरा होते. अशी चॅसिस कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण त्या विकारावर औषध नाही. मार्कलिनची इंजिने बांधणीने उत्कृष्ट, परंतु त्यांतील बहुतेक त्या कंपनीच्या मध्यस्पर्शाच्या, प्रत्यावर्ती प्रवाहाच्या पद्धतीवर चालतात. सर्वसाधारण दोन रुळांच्या, बारा व्होल्ट एकदिश प्रवाहाच्या मांडणीवर ती चालावयाची नाहीत. इटलीच्या लिमा कंपनीची जुनी इंजिने फार स्वस्त मिळतात. त्यांच्या चाकांच्या कडा मात्र इतक्या खोल असतात, की आधुनिक बारीक रुळांच्या खिळ्यांवर त्या खडखडतात. आपले रूळही जुने आणि जाड असतील, तर मात्र लिमासारखा गरिबाचा सोबती नाही.

आता मापांचा प्रश्न. त्यात एक अशी अनुकूलता दडली आहे, की तिची जाणीव झाल्यापासून मला तिच्याविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. जगभर सर्वाधिक प्रचलित असलेले एच. ओ. प्रमाण 1:87 आहे, आणि त्याच्या दोन रुळांतील अंतर 16.5 मिलिमीटर. हे अंतर युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून आले. आपली ब्रॉडगेज मात्र 1676 मिलिमीटरची. तिला 87 ने भागले तर 19.3 मिलिमीटर येतात. त्यामुळे भारतीय इंजिन 1:87 प्रमाणात करून बाजारी रुळांवर उभे केले, की त्याचे पाय आखडल्यासारखे दिसतात, आणि जाणकार मनुष्य हळहळतो. परंतु 1676 ला 87 ऐवजी 100 ने भागून पाहावे. उत्तर 16.76. म्हणजे 1:100 प्रमाणात आपली ब्रॉडगेज त्याच स्वस्त, सर्वत्र मिळणाऱ्या 16.5 मिलिमीटरच्या रुळांवर पाव मिलिमीटरच्या फरकाने बरोबर बसते. शिवाय खऱ्या इंजिनाचा एक मीटर म्हणजे प्रतिकृतीचा एक सेंटिमीटर, हा हिशेब सहावीतला विद्यार्थीही फूटपट्टीवर करील. त्यास भागाकार नको, कोष्टक नको. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्यावरून 1964 पासून वाराणसीस बांधले गेलेले, आणि भारतातील दोन पिढ्यांनी डिझेल इंजिन म्हणून जे पाहिले, ते डब्ल्यू. डी. एम. 2 सुमारे 17 मीटर लांबीचे. प्रतिकृती 17 सेंटिमीटरची. खऱ्या इंजिनाचे चाक 1092 मिलिमीटर व्यासाचे. प्रतिकृतीस अकरा मिलिमीटरचे चाक पुरे, आणि परदेशी डिझेल इंजिनांच्या प्रतिकृतींची चाके जवळपास याच मापाची असतात. अडचण राहते ती लांबीची, कारण अमेरिकी चॅसिस बहुधा या सतरा सेंटिमीटरांत मावत नाही. म्हणून खरेदीस जाताना कागदाची तेवढ्या लांबीची पट्टी खिशात असावी आणि तिच्या आत बसणारीच चॅसिस घ्यावी.

ज्यास धूर सोडणाऱ्या जुन्या इंजिनाची आवड आहे त्याच्यासाठी बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण आहे. 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी सुरू केलेला हा मार्ग 762 मिलिमीटर रुंदीचा होता; 1:87 प्रमाणात त्याचे 8.8 मिलिमीटर होतात, आणि बाजारातील एन प्रमाणाच्या रुळांची रुंदी 9 मिलिमीटर. म्हणजे एखाद्या इवल्याशा एन इंजिनाच्या चॅसिसवर बार्शीच्या इंजिनाची मोठी बॉडी चढविता येते, आणि ती आतील सर्व उणिवा झाकते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वेही याच रुंदीची. महाराष्ट्राने जे रूळ उखडून टाकले अथवा ओस पडू दिले, त्यांवरील इंजिने एका मेजावर, फारच थोड्या खर्चात पुन्हा उभी राहू शकतात, हे मला महत्त्वाचे वाटते.

किनाऱ्यावरील माणसाने आणखी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे, आणि तो विचार पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांच्या सल्ल्यात सहसा आढळत नाही. वाघोटनच्या खाडीवरून आणि समुद्रावरून येणारी खारी हवा पोलादी रुळांना एका पावसाळ्यात गंज चढविते. गंजलेल्या रुळातून वीज चाकापर्यंत पोहोचत नाही, आणि इंजिन थांबत, अडखळत चालते. निकेल सिल्व्हरचे रूळ गंजत नाहीत, पण महाग पडतात, आणि त्यांवरही मळाचा थर धरतोच. माझ्या मते आमच्या भागात विजेचा प्रवाह रुळांतून नेण्याचा नादच सोडावा. इंजिनामागील डब्यात पुन्हा चार्ज होणारा लहान लिथियम सेल ठेवून त्याची वीज दोन तारांनी मोटरला द्यावी, म्हणजे रूळ गंजला तरी गाडी चालते. हा मार्ग पत्करला, की चॅसिसचेही बंधन सैल होते. विद्यार्थ्यांच्या रोबोंत वापरतात ती ‘एन 20’ नावाची गिअर मोटर मुंबईस लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यास पासोड्या विठोबाजवळ दोन-तीनशे रुपयांच्या आत मिळते. तिची रुंदी 12 मिलिमीटर, आणि एच. ओ. चाकांच्या आतल्या कडांमधील अंतर साडेचौदा मिलिमीटरांच्या आसपास. म्हणजे ती दोन चाकांच्या मध्ये उभी राहते. जुन्या, मोटर जळालेल्या इंजिनाची चाके आणि ही मोटर एकत्र आणली, तर परदेशी चॅसिसची गरजही निम्मी होते. मात्र सेल चार्ज करताना आणि तारा जोडताना वडीलधाऱ्यांपैकी कोणी जवळ असावे; लिथियमशी निष्काळजीपणा चालत नाही.

बॉडीचे काम मात्र सर्वस्वी आपले, आणि येथेच आमच्या जिल्ह्याची खरी संपत्ती उपयोगास येते. जाड पुठ्ठ्याचे एकावर एक थर चिकटवून केलेली बॉडी, आतून-बाहेरून वॉर्निश दिले तर पावसाळ्याच्या दमट हवेतही फुगत नाही. त्याहून टिकाऊ असे काही हवे असेल, तर सावंतवाडीच्या चितारआळीत जावे. पांगाऱ्याच्या हलक्या, मऊ लाकडातून फळे, बाहुल्या, बैलगाड्या कोरून त्यांवर रंगाची झिलई चढविणारे ते हात आज पर्यटकांनी उचललेल्या चार ठरावीक नमुन्यांवर उपजीविका करीत आहेत. त्यांच्यासमोर सतरा सेंटिमीटर लांबीच्या इंजिनाचा बिनचूक नकाशा ठेवला, आणि पोकळी किती सोडावी एवढे सांगितले, तर आतून पोखरलेली लाकडी बॉडी ते करू शकणार नाहीत, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. आमच्या विजयदुर्गाजवळ, गिर्ये येथे, आंग्र्यांची खडकात खोदलेली गोदी आहे. तिच्यात उभ्या राहिलेल्या जहाजांची बांधणी ज्यांनी केली, त्यांच्याच परंपरेतील सुतार अजून होड्या दुरुस्त करतात, आणि वक्र फळीचा नेमका उतार डोळ्यांनी जोखण्याची त्यांची शक्ती एखाद्या इंजिनाच्या नाकाडाचा गोलावा काढण्यास पुरेशी आहे.

ज्यास एवढाही खटाटोप करावयाचा नाही, अथवा ज्याचे वय अद्याप लहान आहे, त्याने सेंटी टॉईज या भारतीय कंपनीची बॅटरीवर चालणारी प्रवासी गाडी घ्यावी. तिचे इंजिन भारतीय डिझेल इंजिनाच्या रूपाशी जुळते आणि तिची किंमत परदेशी इंजिनाच्या जवळपासही जात नाही. प्रमाणाच्या बाबतीत ती काटेकोर नाही. परंतु तिला नव्याने रंगवून, तिच्यावर अक्षरे रेखून, चाके बदलून पाहणे, हे या कलेचे उत्तम प्राथमिक शिक्षण आहे.

गाडीस डबेही लागतात, आणि डब्यांत पैसा अधिक झिरपतो. त्यावर कोकण रेल्वेनेच एक सुंदर उत्तर देऊन ठेवले आहे. 1999 साली कोलाड ते वेर्णा या मार्गावर भरलेले मालट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची ‘रो-रो’ सेवा सुरू झाली. सपाट वाघीण म्हणजे पट्टी आणि चाके. तिच्यावर ठेवावयाचे ट्रक खेळण्यांच्या दुकानात मुबलक. म्हणजे आपल्या कोकणाची सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण गाडी हीच प्रतिकृतीकारास सर्वांत स्वस्त पडणारी गाडी आहे.

यावर शुद्धतावादी मंडळी आक्षेप घेतील, की पुठ्ठ्याचे इंजिन, मागच्या डब्यातला सेल आणि रोबोची मोटर ही प्रतिकृतिकला नव्हे. या आक्षेपाचा मी आदर करतो, परंतु स्वीकार करीत नाही. या कलेचा इतिहास आपल्या राज्यात ज्यांनी घडविला, त्यांच्यात पुण्याचे भाऊसाहेब जोशी यांचे नाव अग्रभागी येते. त्यांच्या उद्योगातून 1998 साली, म्हणजे कोकण रेल्वे पूर्ण झाली त्याच वर्षी, कोथरूडमध्ये लघुरेल्वेचे संग्रहालय उभे राहिले, आणि आजवर असंख्य शाळकरी मुलांनी तेथे काचेपलीकडची ती धावती नगरी डोळे भरून पाहिली आहे. एका गृहस्थाने वर्षानुवर्षे हातांनी काम करीत राहिल्याने जे होऊ शकले, ते केवळ विकत घेण्याच्या ऐपतीने झालेले नाही. ज्याच्यापाशी ऐपत आहे तो विकत घेईल. त्याच्याशी माझे भांडण नाही. ज्याच्यापाशी नाही, त्यास या कलेच्या दारातूनच परत पाठवू नये, एवढेच माझे मागणे आहे. चाळीस हजारांचे इंजिन कपाटात ठेवणाऱ्यापेक्षा तीन हजारांत स्वतः उभारलेले इंजिन चालविणाऱ्यास यंत्र अधिक कळते, हे मी विश्वासाने लिहितो. कारण त्याने प्रत्येक दंतचक्र हाताळलेले असते, आणि गाडी का थांबली हे त्यास दुसऱ्या कोणास विचारावे लागत नाही.

आता सरकारी खात्यांपाशी काही मागणे आहे, आणि ते खर्चाचे नाही. चांगल्या प्रतिकृतीस लागतो तो प्रथम चांगला नकाशा, आणि तोच आज सर्वांत दुर्मिळ आहे. भारतीय इंजिनांचे व डब्यांचे आराखडे लखनौ येथील रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प व मानक संस्थेच्या दप्तरात आहेत; कोकण रेल्वेचे आपले स्वतंत्र दप्तर बेलापुरास आहे. यांतील गोपनीय यांत्रिक तपशील कोणी मागत नाही. इंजिनाची बाहेरची चार दर्शने, समोरचे, मागचे, बाजूचे आणि वरचे, मापांसह एका पानावर, आणि तसेच डब्याचे व रो-रो वाघिणीचे, एवढे कागद दोन्ही संस्थांनी जनतेस विनामूल्य उपलब्ध करून द्यावेत. 2022 साली कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून त्या मार्गावरील डिझेल इंजिनांचा अंमल ओसरू लागला आहे. ज्या इंजिनांनी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरांच्या बोगद्यातून आणि पानवळ नदीच्या उत्तुंग पुलावरून आमच्या माणसांना घरी आणले, त्यांची मापे भंगारात जाण्याआधी कागदावर लोकांच्या हाती यावीत.

दुसरे, जकातीच्या कोष्टकात चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी असलेल्या प्रमाणबद्ध यंत्रप्रतिकृतींना आणि विशेषतः त्यांच्या सुट्या भागांना, म्हणजे चाके, दंतचक्रे, मोटर यांना, खेळण्यांपासून वेगळे काढावे. पूर्ण इंजिनावर जकात ठेवली तरी चालेल. सुट्या भागांवरील जकात कमी झाली, तर बॉडी येथे बनेल, रंग येथे चढेल, आणि मजुरी सावंतवाडीत राहील. तिसरे, जिल्हा परिषदेने प्रत्येक तालुक्याच्या एका माध्यमिक शाळेत आठ फूट बाय चार फुटांचा प्लायवूड व त्यावर एक साधा लंबवर्तुळाकार मार्ग मांडून द्यावा. ज्या मुलापाशी इंजिन आहे पण रूळ नाहीत, त्याने ते तेथे आणून चालवावे. ज्यापाशी काहीच नाही, त्याने शेजारी उभे राहून पाहावे, आणि मोजपट्टी घेऊन विचारावे, की याची लांबी किती.

विजयदुर्गाच्या शाळेसाठी असा फळा मिळाला, तर त्यावर पहिला मार्ग कोणता मांडावा याविषयी माझे मत ठरलेले आहे. राजापूर रोड ते वैभववाडी रोड हा टप्पा घ्यावा, 1:100 प्रमाणात, एक बोगदा, एक पूल आणि एक रो-रो गाडी धरून.